गाव सुटत नाही, डिग्री भलत्याच विषयाची, मग पीएचडी कुठून करू?

विद्यापीठांच्या पीएचडी ॲडमिशनच्या जाहिराती यायला लागल्या की आमच्याकडे पत्रं सुरू होतात, आणि गंमत म्हणजे 'कुठल्या विषयावर संशोधन करू' असं फार कमी जण विचारतात, बहुतेकांचा प्रश्न 'मला घेतील का आणि मला जमेल का' एवढाच असतो. त्यातलं कुडाळचं पत्र जवळजवळ पूर्ण छापतोय, कारण इतरांनी तुकड्या-तुकड्यात विचारलेलं बरंचसं त्या एका पत्रात आलंय.

प्रश्न : सर, मी कुडाळला राहते. बीएस्सी बॉटनी, मग बीएड, हायस्कूलला नोकरी लागली आणि नोकरी करता करता इग्नूतून एमए इकॉनॉमिक्स केलं, ५७ टक्के पडले. आता त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवते. वय ३९. सासू-सासरे थकलेत, मुलगी सातवीत आहे, मिस्टर बँकेत, त्यांची बदली कधी होईल सांगता येत नाही, पण आत्ता तरी कुडाळ सोडून राहणं शक्यच नाही. पीएचडीची फार इच्छा आहे. कोण म्हणतं बीएस्सीवाल्यांना इकॉनॉमिक्समध्ये घेत नाहीत, कोण म्हणतं इग्नूची डिग्री चालत नाही. एकजण म्हणतात मुंबई युनिव्हर्सिटीच करा, नाव मोठं आहे, दुसरे म्हणतात गोवा जवळ पडेल. इग्नूतूनच घरी बसून पीएचडी होते का? मी नक्की कुठं अर्ज करू? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, आधी ते बीएस्सीचं भूत उतरवू. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत आणि त्यात तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षांचं पीजी झालेल्यांना अट आहे ती पीजीला किमान ५५ टक्के असण्याची. पदवीला तुम्ही बॉटनी केलं की संस्कृत, याच्याशी त्या नियमाला घेणंदेणं नाही. पीजी ज्या विषयाचं, पीएचडी त्या विषयात, एवढं साधं आहे, आणि तुमचं पीजी सरळ इकॉनॉमिक्सचंच आहे. त्रास होतो तो उलट्या केसमध्ये, म्हणजे एमएस्सी बॉटनी झालंय आणि आता पीएचडी इकॉनॉमिक्समध्ये हवीय, तेव्हा मग 'अलाइड सब्जेक्ट'च्या, म्हणजे जवळच्या विषयांच्या, याद्या बघाव्या लागतात आणि त्या प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, सोडून द्या.

इग्नूचं म्हणाल तर ते संसदेच्या १९८५च्या कायद्यानं झालेलं केंद्रीय मुक्त विद्यापीठ आहे, कुणा ऐऱ्यागैऱ्याचं दुकान नाही. शिवाय सप्टेंबर २०२२मध्ये यूजीसीनं परत एकदा स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणातून घेतलेली पदवी आणि पदव्युत्तर डिग्री ही नेहमीच्या कॉलेजातल्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. त्या नोटिशीची प्रिंट काढा आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, कारण यूजीसी दिल्लीत काय म्हणते यापेक्षा खिडकीच्या आत बसलेल्या माणसानं काय ऐकलंय यावर आपल्याकडे जास्त गोष्टी अडतात. 'डिस्टन्सवाल्यांचं नाही घेत आम्ही' असं कुणी तोंडी सांगितलं तर हुज्जत न घालता 'तेवढं लेखी द्या' म्हणायचं. बहुतेक वेळा लेखी काही येत नाही, अर्ज घेतला जातो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पीजी केलेल्या ज्यांनी हेच विचारलंय त्यांनाही उत्तर तेच, फक्त तुमच्या प्रवेशाच्या वर्षी त्या कोर्सला मान्यता होती ना एवढं यूजीसीच्या यादीत बघून घ्या.

घरी बसून मात्र नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी कुठल्याही विद्यापीठानं द्यायची नाही असं २०२२च्या नियमात स्वच्छ लिहिलंय, इग्नूलाही तो नियम आहेच. तुमच्यासाठी जो रस्ता आहे त्याला पार्टटाइम म्हणतात. त्यासाठी संस्थेची एनओसी लागते आणि त्या एनओसीत नुसतं 'आमची हरकत नाही' चालत नाही, तुम्हाला पार्टटाइम पीएचडीची परवानगी आहे, तुमच्या कामाच्या स्वरूपात संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या वर्गांसाठी, तुम्हाला कामातून मोकळं केलं जाईल, ही तिन्ही वाक्यं त्यात हवीत. शेवटचं वाक्य लिहायला संस्थाचालक कां कूं करतात, तर ते आत्ताच, ॲडमिशनच्या आधी, गोड बोलून लिहून घ्या. नंतर प्रिन्सिपॉल बदलले की परत पहिल्यापासून सुरुवात.

आता कुठं. सिंधुदुर्ग जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो, मुंबईपासून पालघर-ठाणे-रायगड-रत्नागिरी करत थेट तुमच्या बांद्या-दोडामार्गापर्यंत ती हद्द आहे, त्यामुळं लोक सहज मुंबई म्हणतात. पण मुंबई विद्यापीठातून पीएचडी म्हणजे मुंबईत कलिन्याच्या कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटमधूनच असं काही नाही. विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं वेगवेगळ्या कॉलेजात असतात, रत्नागिरीला विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे, आणि डिग्रीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच येतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे वेबसाइटवर इकॉनॉमिक्सची संशोधन केंद्रं आणि मान्यताप्राप्त गाईड यांची यादी काढायची आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोण आहे ते बघायचं. यादी जुनी असू शकते, म्हणून त्या कॉलेजला फोन करून गाईड अजून तिथंच आहेत का विचारायचं.

दुसरं गोवा विद्यापीठ. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तुम्ही गोव्यात, पणजीजवळ ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, सकाळी निघून काम आटपून संध्याकाळी घरी जेवायला येता येईल असं अंतर. कुडाळ-सावंतवाडीकडची माणसं दवाखान्यासाठी बांबोळीला जातात, खरेदीला म्हापशाला जातात, फक्त शिक्षणाचा विषय निघाला की मुंबईकडे तोंड करतात याचं मला नेहमी नवल वाटतं. तिसरं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पण त्याला घाट चढायचा, पावसाळ्यात घाटाचा काय भरवसा, म्हणून ते तिसऱ्या नंबरावर ठेवा. गोव्याबाबत दोन गोष्टी लक्षात घ्या. तुमच्याकडे महाराष्ट्राचं जातीचं सर्टिफिकेट असेल तर दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात राखीव जागेसाठी ते चालेल असं धरून चालू नका, तुमचे ५७ टक्के आहेत म्हणून तुम्ही ओपनमधून अर्ज करू शकता. आणि थिसिसची भाषा: महाराष्ट्रात विद्यापीठाची परवानगी असेल तर मराठीत लिहिता येईल, गोव्यात इकॉनॉमिक्सला इंग्रजीच धरून चाला.

लोक अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, इथं ते 'वर्षातून किती वेळा जावं लागणार' यात मोजायचं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यातच संशोधनाची नीतिमत्ता वगैरेचा पेपर असतो, आणि ते करताना वरचेवर जावं लागतं. हे वर्ग कधी होतात? शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुट्टीत सलग, की रोज सकाळी? ॲडमिशन घेण्याआधी मागच्या बॅचचं टाइमटेबल मागून घ्या, कुणीही रिसर्च स्कॉलर व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यानंतर दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, प्रगती मांडायची असते, म्हणजे वर्षाला दोन खेपा नक्की, शिवाय गाईडला भेटायला तुम्ही जाल त्या वेगळ्या. आणि आरएसीची तारीख कोकणातल्या माणसाचा विचार करून कुणी ठरवत नाही, ऐन गणपतीत मुंबईला बोलावलं तर कोकणकन्येचं परतीचं तिकीट कोण देणार तुम्हाला.

हे सगळं खरं, तरी माझं मत विचाराल तर विद्यापीठ हा तिसरा प्रश्न आहे. पहिला गाईड, दुसरा विषय. मी स्वतः बरीच वर्षं गाईड होतो आणि पार्टटाइमची पोरं कशामुळं गळतात ते जवळून बघितलंय, डोकं कमी पडलं म्हणून कुणी सोडत नाही, गाईड फोन उचलत नाही म्हणून सोडतात आणि डेटा गोळा करायला तीनशे किलोमीटर जावं लागतं म्हणून सोडतात.

गाईड शोधताना हे बघा. प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, असोसिएटकडे ६, असिस्टंट प्रोफेसरकडे ४, ही मर्यादा आहे, म्हणजे नावाजलेल्या माणसाकडे जागाच नसते आणि त्यांच्या होकाराची वाट बघत एक वर्ष जातं. ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांहून कमी राहिलीत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. चार-पाच वर्षं राहिली असतील तर घेता येतो, पण पार्टटाइमवाल्यानं तिथं विचार करावा, कारण तुमचं काम अर्ध्यात असताना ते रिटायर होतील, मग ते को-गाईड म्हणून राहू शकतात पण मुख्य गाईड दुसरा शोधावा लागतो. मला विचाराल तर चाळिशीतली असोसिएट प्रोफेसर बाई किंवा माणूस, जागा रिकामी आणि स्वतःचं काम अजून चालू, ही तुमच्यासाठी सगळ्यात चांगली निवड, भले त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसो.

आणि त्या गाईडकडे आधी कुणी पूर्ण केलंय का हे तपासायला कुणाला विचारायचीही गरज नाही. शोधगंगा नावाची वेबसाइट आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, देशभरातल्या विद्यापीठांचे थिसिस तिथं फुकट वाचायला मिळतात. गाईडच्या नावानं शोधा. किती थिसिस आलेत ते बघा, मग एखादा उघडून आभाराचं पान आणि तिसरं-चौथं प्रकरण वाचा. आभाराच्या पानावर बरंच कळतं. प्रकरणात सगळीकडे नुसते टक्केवारीचे तक्ते आणि त्याखाली 'वरील तक्त्यावरून असे दिसते की' एवढंच असेल तर त्या गाईडकडे तुम्ही काय शिकणार याचा अंदाज तिथंच येतो.

विषयाचं तर मी तुम्हाला हक्कानं सांगतो, कुडाळ सोडता येत नाही ना, मग कुडाळमध्ये बसूनच होईल असा विषय घ्या. भारतीय अर्थव्यवस्थेतल्या आर्थिक समावेशनाचा अभ्यास वगैरे करून तुम्ही दिल्लीच्या आकडेवारीवर अवलंबून राहणार आणि तसले थिसिस शोधगंगेवर पोत्यानं पडलेत. तुमच्या घराभोवती काजू आहे. एमआयडीसीतल्या काजूच्या कारखान्यात कधी गेला असाल तर बघितलं असेल, बी उकडून, वाळवून, पायानं दाबायच्या कटरवर बायका एकेक बी फोडतात, तेलानं हात काळे पडू नयेत म्हणून हाताला काही ना काही चोपडलेलं असतं, मग भट्टीतून आलेल्या गराची साल सुरीच्या टोकानं काढायची, अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, कणी वेगळी. अख्ख्यातही डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा प्रती, आकडा म्हणजे साधारण एका पौंडात किती गर बसतात तो, म्हणजे आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. आता एका बाजूला वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, दुसऱ्या बाजूला देशातल्या कारखान्यांना आफ्रिकेतून आलेली बी लागते, बागायतदार म्हणतो बीला भाव नाही आणि कारखानदार म्हणतो परवडत नाही, मधे ती सोलणारी बाई किलोवर मजुरी घेते. यात इकॉनॉमिक्सचे पाच विषय आहेत: मजुरी, किंमत कशी ठरते, आयातीचा परिणाम, जीआयचा बागायतदाराला खरंच काही फायदा झाला का, छोट्या युनिटांना कर्ज कसं मिळतं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर जाऊन मुलाखती घेऊन घरी येता येईल. वेंगुर्ल्याला दापोली कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच, तिथलं ग्रंथालय बघा. आणि इथं तुमचं बॉटनी कामाला येईल, झाडाचं वय, उत्पादन, कलमं हे सगळं इकॉनॉमिक्सवाल्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं, तुम्हाला नाही. तिथला एखादा शास्त्रज्ञ को-गाईड म्हणूनही घेता येईल, दुसऱ्या संस्थेतला को-गाईड विद्यापीठाच्या परवानगीनं चालतो. मुख्य गाईड मात्र जिथं रजिस्ट्रेशन करणार त्या संस्थेचाच कायम प्राध्यापक लागतो. काजू नको असेल तर तारकर्ली-मालवणचं पर्यटन घ्या, घरी खोल्या काढून देणाऱ्या बायकांचं उत्पन्न घ्या, पण बसनं तासाभरात पोचता येईल तेच घ्या.

प्रवेशाची पायरी अशी. नेट, म्हणजे यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली तर एकाच परीक्षेत बरंच होतं, वर्षातून दोनदा असते, पीएचडीच्या प्रवेशासाठी वयाची अट नाही. जून २०२४च्या परीक्षेपासून नेटचे तीन गट लागतात, जेआरएफवाले म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळणारे, असिस्टंट प्रोफेसरला पात्र, आणि फक्त पीएचडीला पात्र. तिसऱ्या गटात जरी आलात तरी तो स्कोअर पीएचडीच्या प्रवेशाला चालतो, ७० टक्के वजन स्कोअरला आणि ३० टक्के मुलाखतीला, पण एक वर्षच, म्हणजे गाईड हेरून ठेवल्याशिवाय परीक्षा दिली तर स्कोअर वाया जातो. काही विद्यापीठं अजून स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, घेतात, तिचा निम्मा पेपर संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. त्या वर्षीची जाहिरात बघा, गेल्या वर्षीचं कुणाचं ऐकू नका.

वेळ किती लागेल ही धास्ती पत्रात लिहिली नाहीत पण ती असणार. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुन्हा नोंदणी करून आणखी २, आणि बायकांना त्यावर आणखी २, म्हणजे तुम्हाला १० वर्षांपर्यंत मुभा आहे. १० घेऊ नका, ५-६ धरा. शेवटचं एक, सीनिअर कॉलेजला जायचं म्हणून पीएचडी करत असाल तर जुलै २०२३पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट (तशीच राज्य पातळीवरची परीक्षा) हा किमान निकष आहे, तेव्हा नेटचा अभ्यास केलात तर दोन्ही कामं होतील. सेट आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा दोघांना मिळून एकच आहे, तीही द्या.

थोडक्यात आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संशोधन केंद्रातला गाईड बघा, तिथं जागा नसेल तर गोवा. कलिना नको.

प्रश्न : मी बीई मेकॅनिकल, ६८ टक्के, चाकणला एका कंपनीत सहा वर्षं डिझाइनमध्ये आहे. गाव उदगीर. एमई केलं नाही, पण एक वर्षाचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा इन मॅनेजमेंट आहे. आता चार वर्षांच्या डिग्रीवर डायरेक्ट पीएचडी करता येते म्हणतात. नोकरी सोडायची नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : अर्धी बातमी बरोबर आहे. चार वर्षांच्या पदवीवर पीएचडीला पात्र धरतात, पण ७५ टक्के लागतात, राखीव गटाला ५ टक्के सवलत, म्हणजे तुम्ही कुठल्याही गटात असलात तरी ६८ला ते दार बंद आहे. आयआयएस्सी आणि आयआयटी बीईवाल्यांना आपापल्या अटींवर घेतात, तिथं गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचा वगैरे स्कोअर आणि मुलाखत, पण ते पूर्णवेळचं काम, नोकरी सोडून. आयआयटी बॉम्बेत बाहेर नोकरी करणाऱ्यांसाठी एक्स्टर्नल म्हणून वर्ग आहे, पण त्याला तुमच्या कंपनीत खरोखरचा संशोधन विभाग आणि कंपनीचा पाठिंबा लागतो, नुसतं डिझाइन डिपार्टमेंट आहे म्हणून होत नाही. एचआरला विचारा, कंपनीचं आर अँड डी युनिट सरकारमान्य आहे का.

एक वर्षाचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा म्हणजे मास्टर्स नव्हे, त्याच्यावर मॅनेजमेंटची पीएचडी मिळेल असं ज्यानं सांगितलं त्याला दुरूनच नमस्कार करा. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे आधी संध्याकाळचा किंवा वीकेंडचा एमटेक, तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मान्यता बघून, आणि त्याचं डिझर्टेशन कंपनीतल्या प्रत्यक्ष प्रॉब्लेमवर. त्यातला गाईड आवडला तर पुढं त्याच्याकडेच पीएचडी. दोन-तीन वर्षं जास्त जातील, मान्य, पण चाकणच्या ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्या माणसाकडे धीर असतोच. कॉलेज मात्र चाकण-भोसरी-पिंपरी बाजूचंच बघा, सहाला सुटून साडेसहाच्या लेक्चरला शिवाजीनगर गाठता येत नाही.

प्रश्न : एमकॉम ५४.६२ टक्के. ओपन. ५५ धरतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही धरत. ५४.९९लाही धरत नाहीत. उत्पन्नाच्या निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट काढा, त्यांना ५ टक्के सवलत आहे, म्हणजे ५० चालतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी आणि दिव्यांग यांनाही ती सवलत आहे, हे बाकीच्या पत्रलेखकांसाठी. ते नसेल तर तुमच्या विद्यापीठात श्रेणीसुधारची सोय आहे का विचारा, एक-दोन पेपर परत देऊन अर्धा टक्का निघतो. तीही मुदत संपली असेल तर दुसरं पीजी. आणि सीए, सीएस किंवा सीएमए पूर्ण झालं असेल तर यूजीसीनं २०२१मध्ये ते पीजीच्या बरोबरीचं मानलंय, नेटचा फॉर्म त्यावर भरता येतो. पत्रात काही लिहिलं नाहीत म्हणून विचारतोय.

प्रश्न : आमच्या इथं एकजण बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाची पीएचडी करून देतो, दीड वर्षात, थिसिसही तेच लिहितात, फक्त दोनदा सहीला जायचं. साडेतीन लाख. आमच्या ओळखीतल्या दोघांनी केली. घरची शेती आणि नोकरी सोडून मला कुठं जाता येत नाही. घ्यावी का? – एक वाचक, परभणी

उत्तर : घेऊ नका. दीड वर्षात पीएचडी हेच नियमाबाहेर आहे, किमान ३ वर्षं लागतात, मग ती कुणीही देवो. जानेवारी २०२५मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल पुढची पाच वर्षं, २०२५-२६ ते २०२९-३०, पीएचडीला प्रवेशच द्यायचे नाहीत असं बजावलं. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये परदेशी विद्यापीठांच्या नावानं ॲपवाल्या कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही असं यूजीसी आणि एआयसीटीई दोघांनी मिळून जाहीर केलं. तुमच्या ओळखीतल्या दोघांनी केली असेल, पण त्यांना त्यावर बढती किंवा वेतनवाढ मिळालीय का आणि तिची पडताळणी झालीय का ते विचारा. साडेतीन लाख हातचे जातील, वर सर्व्हिस बुकात भानगड. परभणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतं, गाडीनं दीड-दोन तास. नोकरी सांभाळून पार्टटाइम तिथं बघा. शेतीचं कारण तर उलट कामाचं आहे, कुठल्या विषयाचं पीजी आहे ते कळवा, विषय सुचवतो.

प्रश्न : मी नागपूरला झूलॉजीत पूर्णवेळ पीएचडी करतेय, तिसरं वर्ष, कोर्सवर्क झालंय, अर्ध्याहून जास्त प्रयोग झालेत. लग्न ठरलंय, सासर नाशिक. गाईड म्हणतात डेटा इथंच ठेवून जा. माझं सगळं काम बुडणार का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी अभिनंदन. तुमच्यासारख्यांसाठी २०२२च्या नियमात वेगळं कलमच आहे. लग्नामुळं किंवा इतर कारणानं स्त्री संशोधकाला दुसरीकडं जावं लागलं तर तिचा संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेऊ द्यायचा, बाकी अटी पाळून, आणि जुन्या संस्थेला आणि गाईडला त्यांचं श्रेय देऊन. अडचण एकच, ते काम गाईडला किंवा संस्थेला बाहेरून मिळालेल्या प्रोजेक्टच्या पैशातलं असेल तर नेता येत नाही. तुमचं काम प्रोजेक्टमधलं आहे का हे पत्रात नाही, तेवढं आधी बघा, कारण गाईडचं म्हणणं बरोबर की चूक हे त्यावरच ठरतं.

पण नेता येतं म्हणून न्यावंच असं नाही. नाशिक पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येतं, तिथं परत गाईड, परत समिती, लॅबमध्ये परत सगळं बसवायचं, यात तुमचं एक वर्ष सहज जाईल. अर्ध्याहून जास्त प्रयोग झालेत तर मी असतो तर नागपूरचं रजिस्ट्रेशन सोडलं नसतं. लग्नाची तारीख थोडी पुढं ढकलता आली तर प्रयोग तेवढ्यात उरकून घ्या, लिखाण नाशिकला बसून होतं, नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजातला को-गाईड घेता येतो का बघा, आरएसीला सेवाग्राम एक्स्प्रेसनं रात्रीचं जाऊन यायचं. सहा महिन्यांनी एकदा एवढं जमतं. पुढं बाळंतपण आलं तर पीएचडीच्या पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपनाची रजा मिळते, ती गाईडच्या मर्जीवर नाही, नियमात आहे. अर्ज करताना कलमाची प्रत जोडा आणि पोच घ्या.